चिकटद्रव्यांची मराठी नावे आणि पन्हळी प्लास्टिकचे विमान
(बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार)

१

वस्तूंचा इतिहास आणि शब्दांचा इतिहास हे दोन स्वतंत्र विषय होत, असे मानण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. पहिला विषय इतिहासाच्या अभ्यासकाचा आणि दुसरा भाषेच्या अभ्यासकाचा, अशी वाटणीही ठरून गेली आहे. व्यवहारात मात्र ही वाटणी टिकत नाही. कारागीर हातात वस्तू घेतो तेव्हा तिच्या नावाबरोबर तिच्या वापराचे ज्ञानही तो घेत असतो. आणि नाव लोपले म्हणजे त्या ज्ञानाचा काही भाग त्याबरोबर लोपतो. प्रस्तुत लेखात या विधानाची परीक्षा एका लहानशा क्षेत्रात करावयाची आहे. ते क्षेत्र म्हणजे दोन वस्तू एकमेकींस चिकटविण्याचे.

या परीक्षेसाठी निवडलेले उदाहरण काहीसे अनपेक्षित वाटेल. प्लास्टिकच्या पोकळ, पन्हळी तक्त्यांपासून उडत्या विमानाची प्रतिकृती करताना कोणते चिकटद्रव्य वापरावे, हा तो प्रश्न आहे. हे तक्ते आपल्या बाजारात 'सनपॅक' या व्यापारी नावाने ओळखले जातात आणि दुकानांच्या पाट्यांसाठी व निवडणुकीच्या फलकांसाठी त्यांचा सर्रास उपयोग होतो. वजनाने हलके, पाण्याने न भिजणारे, स्वस्त आणि फलक उतरविल्यावर बहुधा फुकट मिळणारे हे द्रव्य प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थ्यांस आकर्षक वाटावे, यात नवल नाही. अडचण एकच आहे. या तक्त्याला जवळजवळ काहीच चिकटत नाही. घरातील नेहमीच्या डिंकाने जोडलेला पंख वाळल्यावर हलक्या हाताने ओढला तरी स्वच्छ निघून येतो आणि डिंकाची पातळ कात तेवढी मागे राहते.

'चिकटत नाही' हे विधान मात्र अपुरे आहे. काय कशाला चिकटत नाही, कोणत्या कारणाने, आणि कोणत्या दिशेने ओढले असता सुटते, हे सांगितल्याखेरीज त्यातून ज्ञान होत नाही. जुन्या मराठी कारागिरीच्या भाषेत हे भेद होते. आजच्या भाषेत ते पुसट झाले आहेत. ते कसे होते व का पुसट झाले, हे पुढील विवेचनात पाहू.

२

प्रथम 'चिकट' हाच शब्द घेऊ. तो 'चीक' या शब्दाशी संबद्ध आहे. झाडाच्या देठातून पाझरणारा दाट रस तो चीक. भिजवून वाटलेल्या गव्हातून कुरडयांसाठी काढतात तोही चीक. आणि व्यालेल्या गाईम्हशीचे पहिले दूध, ज्याचा खरवस होतो, तोही चीकच. या तिन्ही पदार्थांत द्रवता आणि दाटपणा यांचा संयोग आहे. संस्कृतातील 'चिक्कण' हा शब्द याच कुलातला मानला जातो. त्याचा अर्थ मात्र 'गुळगुळीत, स्निग्ध' असा आहे, आणि हिंदीतील 'चिकना' या शब्दात तोच अर्थ टिकला आहे. म्हणजे एकाच शब्दकुलातून एका भाषेत धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे आणि शेजारच्या भाषेत हातातून निसटणाऱ्या पदार्थाचे नाव निघाले. मराठीत 'चिकण माती' या प्रयोगात दोन्ही छटा एकत्र दिसतात. ती ओली असता पाय घसरवते आणि पायाला चिकटतेही. हा विरोध वरवरचा आहे. दोन पृष्ठभागांमध्ये द्रव पसरला म्हणजे प्रथम ते एकमेकांवरून घसरतात. तो द्रव घट्ट झाला म्हणजे ते जखडले जातात. चिकटविण्याच्या क्रियेच्या या दोन अवस्था आहेत, आणि भाषेने त्या दोन्ही टिपल्या आहेत.

क्रियापदांतही वैविध्य आहे. प्रमाण मराठीत 'चिकटणे'. वर्णविपर्ययाने त्याचेच 'चिटकणे' झाले. वऱ्हाडात, आणि म्हणून बुलढाणा जिल्ह्यातही, 'चिपकणे', 'चिपकवणे' ही रूपे सर्रास ऐकू येतात व त्यांचा हिंदीतील 'चिपकना' याच्याशी असलेला संबंध उघड आहे. भिंतीवर कागद लावणे ते 'डकवणे'. मातीचा किंवा औषधाचा थर देणे ते 'लिंपणे' व 'लेप देणे'. लाकडाचे दोन तुकडे एकमेकांत बसविणे ते 'सांधणे'. यांतील शेवटचा शब्द संस्कृत 'संधि' या शब्दापासून आला असून त्यात चिकटपणाचा अर्थ मुळीच नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता द्रव्यांची नावे पाहू. 'डिंक' हा झाडाच्या सालीतून पाझरून वाळलेला पदार्थ. बाभूळ, धावडा, खैर, सालई ही त्याची प्रमुख झाडे होत. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या रांगा आहेत आणि दक्षिणेकडील भाग अजिंठ्याच्या डोंगरांनी व्यापला आहे. या रानांत ही झाडे परिचित आहेत. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो व वाळल्यावर कागद धरतो. सालईचा स्राव राळेच्या अंशामुळे पाण्यात पुरता विरघळत नाही व धुपासारखा जळतो. दोन्ही झाडांतूनच पाझरतात, पण त्यांचे काम वेगळे. 'खळ' म्हणजे पीठ पाण्यात शिजवून केलेला लगदा. पुस्तकबांधणी, पतंग, भिंतीवरची पत्रके आणि कपड्यांची इस्त्री ही तिची क्षेत्रे; पुस्तके बांधणारे किडीपासून रक्षण व्हावे म्हणून तिच्यात मोरचूद घालीत. विणकर ताण्याच्या सुताला जी खळ देतात, त्या क्रियेस 'पांजणी' असे स्वतंत्र नाव आहे. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्ग कापसाच्या व्यापारासाठी सुरू झाला, इतके या जिल्ह्याचे जीवन कापसाशी निगडित होते. सूत आणि खळ यांचे नाते येथे नव्याने सांगावयास नको.

'लाख' हा शब्द संस्कृत 'लाक्षा' यावरून आला. लाखेचे दुसरे प्राचीन नाव 'जतु' होय. भारतातील जतुगृह प्रसिद्धच आहे. मराठीत हा शब्द स्वतंत्रपणे उरला नाही, परंतु 'शिलाजतु' म्हणजे शिलाजित या औषधी नावात तो दडून राहिला आहे. तुलनात्मक भाषाशास्त्रात या 'जतु'चा संबंध लॅटिनमधील 'बिटुमेन' आणि जर्मनमधील 'किट', म्हणजे आपल्याकडील लांबी किंवा लुकण, या शब्दांशी जोडतात. चिकटविण्याची विद्या या भाषांच्या फाटाफुटीइतकी जुनी आहे, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

'सरस' या शब्दाची कथा निराळी आहे. जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेला, सुताराच्या कामाचा हा पदार्थ. 'रसयुक्त' किंवा 'अधिक चांगला' या अर्थाच्या संस्कृत 'सरस' शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. तो फारसीतील 'सिरीश' या शब्दावरून आला. इराणात ते नाव मुळात एका वनस्पतीच्या कंदापासून केलेल्या डिंकाचे होते. पतंगाचा मांजा करणारे लोक 'शिरस' असे म्हणतात ते मूळ उच्चाराला अधिक जवळ आहे. नाव वनस्पतिज पदार्थाचे, वस्तू प्राणिज. शब्द प्रवासात अर्थ बदलतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मोल्सवर्थच्या कोशात (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (१९३२ ते १९३८) यांतील बहुतेक शब्द आढळतात. त्यांची मांडणी करून पाहिली असता एक व्यवस्था दिसते. कागदाला खळ किंवा डिंक, सुताला पांजणीची खळ, लाकडाला सरस, धातूच्या मुठीला व बांगडीला लाख, फटीला लुकण. म्हणजे चिकटद्रव्याचे नाव घेताच ते कशाला लावावयाचे, हेही सांगून होत असे. शिवाय बोलण्याची रीत अशी की, कर्तेपण डिंकाकडे न देता पृष्ठभागाकडे दिले जाई. 'लाकूड तेल पिते', 'कागद खळ शोषतो', 'भिंत रंग धरत नाही', हे प्रयोग आजही ऐकू येतात. धरण्याचे काम पृष्ठभागाचे आहे, ही समजूत त्यांत गृहीत आहे. आणि आधुनिक रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ती बरोबर आहे.

३

शब्द नव्याने आला म्हणून वस्तूही नवी असे मात्र मानता येत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील पहिल्या कृतीत कच्ची टेंभुर्णीची व कवठाची फळे, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड ही द्रव्ये एक द्रोण पाण्यात उकळून अष्टमांश उरवावयास सांगितली आहेत. त्यात पुढे गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ इत्यादी मिसळावयाचे. हा लेप तापवून मंदिरे, वाडे, लिंगे, मूर्ती, भिंती व विहिरी यांस द्यावा आणि तो एक कोटी वर्षे टिकेल, असे ग्रंथकार म्हणतो. कोटी वर्षांचा दावा काव्यातला समजावा. परंतु द्रव्यांची यादी काव्यातली नाही. सावर, सालई, टेंभुर्णी, कवठ, बिब्बा, बेल आणि जवस ही विदर्भाच्या रानांतील व शेतांतील ओळखीची नावे आहेत.

त्याच अध्यायातील दुसऱ्या एका कृतीत गाय, म्हैस व बोकड यांची शिंगे, गाढवाचे केस आणि म्हशीचे कातडे यांचा उल्लेख येतो. कातडे व शिंगे उकळून काढलेला चिकट पदार्थ तो सरसच. म्हणजे 'सरस' हा फारसी शब्द मराठीत येण्यापूर्वी कित्येक शतके ही वस्तू येथे माहीत होती. नाव का बदलले? ज्या नव्या कारागिरीत, म्हणजे कागद, ग्रंथबांधणी, धनुष्ये व नक्षीचे लाकूडकाम यांत, तिचा उपयोग वाढला, त्या कारागिरीची बरीच परिभाषा फारसीतून आली. तिच्याबरोबर हेही नाव आले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे. वराहमिहिराने आणखी एक कृती दिली आहे, 'वज्रसंघात' नावाची. तीत आठ भाग शिसे, दोन भाग कासे व एक भाग पितळ यांचा रस वापरावयाचा आहे. दगडासाठी वनस्पतीचा काढा, प्राण्याचे कातडे आणि वितळलेला धातू असे तीन स्वतंत्र मार्ग त्याने एकाच अध्यायात नोंदविले आहेत. कोणतेही एक द्रव्य सर्व कामांस पुरे पडत नाही, हे त्यास ठाऊक होते.

बुलढाणा जिल्ह्यात याच्या उलट टोकाची परंपराही दृष्टीस पडते. लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर, सिंदखेडराजाचे नीळकंठेश्वराचे मंदिर आणि जिल्ह्यातील इतर प्राचीन देवळे ज्या शैलीत मोडतात, तिला आपण हेमाडपंती म्हणतो. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री याच्यावरून हे नाव पडले. शैली मात्र त्याच्याहून जुनी आहे. तिचे एक लक्षण असे सांगतात की, घडीव दगड चुन्यावाचून एकावर एक रचलेले असतात. दगडाचे स्वतःचे वजन, तासलेल्या पृष्ठभागांचा नेमका मेळ आणि खाचेत बसणारी कूस यांवर ही इमारत उभी राहते. येथे चिकटद्रव्य नाही; येथे सांधा आहे. ज्या पृष्ठभागाला डिंक धरत नाही त्याचे काय करावे, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या जिल्ह्यातील देवळांनी कितीतरी शतकांपूर्वी देऊन ठेविले आहे.

४

विमानाचा आणि चिकटद्रव्याचा संबंध हा केवळ मुलांच्या खेळातला विषय नव्हे. दुसऱ्या महायुद्धातील 'मॉस्किटो' हे ब्रिटिश विमान प्रामुख्याने लाकडाचे होते. बर्चच्या पातळ फळ्यांमध्ये बाल्सा हे हलके लाकूड घालून त्याचे अंग केले जाई. नोव्हेंबर १९४० मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले. प्रारंभी त्यात केसीनचा, म्हणजे दुधातील प्रथिनापासून केलेला, डिंक वापरीत. पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइड या कृत्रिम राळेचा वापर सुरू झाला. १९४४ च्या उत्तरार्धात हिंदुस्थानात या विमानांचे पंख उड्डाणात निखळून अपघात झाले, माणसे दगावली आणि काही काळ विमाने जमिनीवर ठेवावी लागली. चौकशी झाली तेव्हा तज्ज्ञांत मतभेद झाले. एका पक्षाने येथील उष्ण व दमट हवेत लाकूड आकुंचन-प्रसरण पावल्याकडे बोट दाखविले, तर दुसऱ्या पक्षास कारखान्यातील जोडकामच सदोष आढळले. दोन्ही मतांतून निष्पन्न होणारा धडा एकच आहे. डिंकाची निवड ही डिंक, पृष्ठभाग, हवा आणि हात या चारही गोष्टींची एकत्र निवड असते. त्यांपैकी एक जरी चुकली तरी जोड फसतो.

युद्धकाळातील व युद्धोत्तर संशोधनाने चिकटद्रव्यांचे शास्त्र पालटून टाकले. सायनोअ‍ॅक्रिलेट हा पदार्थ हॅरी कूव्हर यास १९४२ मध्ये बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधीत असता प्रथम हाती लागला व अति चिकट म्हणून बाजूस टाकला गेला. १९५१ मध्ये जेट विमानाच्या छतासाठी प्रयोग चालू असता त्याचे महत्त्व ध्यानात आले आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. आज आपण क्षणात चिकटणारी जी लहान नळी विकत घेतो, ती याच कुलातली. 'अ‍ॅरल्डाइट' या इपॉक्सी द्रव्याच्या नावातील आद्याक्षरे विमानांच्या चिकटद्रव्यांवर काम करणाऱ्या 'एरो रिसर्च लिमिटेड' या इंग्लंडमधील संस्थेची आहेत, असे सांगितले जाते.

आपल्याकडे १९५९ मध्ये 'फेविकॉल' आले. पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट या राळेचे पाण्यातील हे पांढरे मिश्रण सुतारास सरसापेक्षा फार सोयीचे ठरले. सरस रात्रभर भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करावा लागे व त्याला दुर्गंधीही असे. या नावातील 'कॉल' हा अंश जर्मन असल्याचे नेहमी सांगण्यात येते; त्याचे अंतिम मूळ ग्रीक 'कोल्ला' म्हणजे सरस या शब्दात आहे. 'कोलॅजन' म्हणजे सरस उत्पन्न करणारे, या शास्त्रीय शब्दातही तेच मूळ आहे. अशा रीतीने फारसी सरसाची जागा ग्रीक सरसाने घेतली.

भाषिक दृष्ट्या याहून महत्त्वाची घटना पुढची आहे. हे विशेषनाम हळूहळू सामान्यनाम झाले. वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणावे, तसे कोणत्याही चिकटद्रव्याला लोक 'फेविकॉल' म्हणू लागले. विशेषनामाचे सामान्यनाम होणे हा भाषेचा स्वाभाविक व्यापार आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु या ठिकाणी एका नावाने पाच नावांची जागा घेतली. खळ, डिंक, सरस, लाख, लुकण या नावांत कशाला काय लावावे याची जी सूचना होती, ती नव्या नावात नाही. इकडे परिभाषाकारांनी 'आसंजक' हा शब्द घडविला. 'आसक्ती' व 'प्रसंग' या शब्दांतील 'सञ्ज्' धातूपासून तो झाला असल्याने त्याची व्युत्पत्ती निर्दोष आहे. तथापि तोही सर्वसामान्य नावच आहे. एका बाजूस बाजाराचे एक नाव, दुसऱ्या बाजूस ग्रंथाचे एक नाव, आणि मधले भेद दर्शविणारे शब्द नाहीसे, अशी स्थिती झाली.

५

या पार्श्वभूमीवर आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. 'पन्हळ' हा शब्द संस्कृत 'प्रणाल' यावरून आला. पाणी वाहून नेणारी नळी किंवा खाच असा त्याचा अर्थ. 'पन्हळी पत्रा' हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. येथील तक्ता मात्र पत्र्यासारखा नागमोडी नसून, दोन पातळ पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये ओळीने उभ्या असलेल्या बारीक भिंती अशी त्याची रचना असते. या भिंतींमुळे तक्ता पन्हळीच्या दिशेने ताठ राहतो व आडव्या दिशेने सहज वाकतो. म्हणून विमानाच्या पंखात पन्हळी नेहमी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे पंखाच्या लांबीने, जातील अशा ठेवाव्यात.

हे तक्ते पॉलिप्रोपिलीनचे असतात. १९५१ मध्ये अमेरिकेत होगन व बँक्स यांनी आणि १९५४ मध्ये इटलीत ज्यूलिओ नाट्टा यांनी हे द्रव्य सिद्ध केले. १९५७ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक नाट्टा व झिग्लर यांस विभागून मिळाले. त्याच्या रेणूत केवळ कार्बन व हायड्रोजन आहेत. दुसऱ्या पदार्थास आकर्षून घेईल असे विद्युत्-ध्रुवतेचे स्थान त्यात नाही. त्यामुळे त्याची पृष्ठऊर्जा अत्यंत कमी, मीटरला सुमारे ३० मिलिन्यूटन, असते. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ आहे. ज्याचा पृष्ठताण पृष्ठऊर्जेहून बराच अधिक, तो द्रव पृष्ठभागावर पसरत नाही, थेंब होऊन उभा राहतो. अळवाच्या पानावरील पाण्यासारखाच हा देखावा दिसतो. जुन्या भाषेत सांगावयाचे तर हे प्लास्टिक पीत नाही, शोषत नाही आणि धरतही नाही.

पांढरा सुतारी डिंक येथे का फसतो, हे आता स्पष्ट होईल. त्याला वाळण्यासाठी त्यातील पाणी लाकडाने किंवा कागदाने शोषून घ्यावे लागते. दोन प्लास्टिकच्या तक्त्यांमध्ये पाण्यास वाट नाही, आणि वाट मिळून तो वाळला तरी पृष्ठभागाशी त्याचे सख्य नाही. इपॉक्सी घट्ट व ताठ होते. प्लास्टिक वाकते, इपॉक्सी वाकत नाही, आणि कडेपासून त्याचा पापुद्रा सुटतो. बंदुकीतून वितळवून लावण्याची सामान्य डिंककांडी लावताना सोयीची असते, परंतु उन्हात नरम पडते. बुलढाणा शहर घाटावर असल्याने तेथे हवा सौम्य असते. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूस वैशाखाच्या उन्हात ठेवलेल्या गडद रंगाच्या पंखावर हा जोड टिकेल असा भरवसा धरू नये. सायनोअ‍ॅक्रिलेटला घट्ट होण्यासाठी हवेतील व पृष्ठभागावरील ओलावा लागतो. कोरड्या हवेत त्याचे काम मंदावते. एकाच जिल्ह्यात घाटावर व घाटाखाली निवड बदलू शकते, ती अशी.

मग करावे काय? पहिला उपाय पृष्ठभाग बदलण्याचा. तक्ता स्पिरिटने पुसून बारीक पॉलिशकागदाने खरवडावा. स्पिरिट पूर्ण उडून गेल्यावर व बाटली दूर ठेवून, मोकळ्या जागी, वडीलधाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली निळ्या ज्योतीचे टोक त्यावरून झरझर फिरवावे. प्लास्टिक वितळू देऊ नये. ज्योतीमुळे वरच्या थरात प्राणवायूचे अंश मिसळतात व पृष्ठऊर्जा वाढते. परीक्षा सोपी आहे: पाण्याचा थेंब पूर्वी गोळा होत होता, तो आता पसरून पातळ पडदा झाला पाहिजे. छपाईसाठी काही तक्त्यांवर कारखान्यातच विद्युत्-संस्कार केलेला असतो. परंतु त्याचा प्रभाव कालांतराने ओसरतो. म्हणून संस्कार केल्यावर डिंक लावण्यास विलंब करू नये.

दुसरा उपाय जोडाप्रमाणे द्रव्य निवडण्याचा. रुंद पृष्ठभाग एकावर एक येत असतील तेथे चर्मकार वापरतात तसला रबरी द्रावणाचा डिंक घ्यावा. तो दोन्ही बाजूंस लावून, कोरडा वाटू लागल्यावर दाबावयाचा असतो. त्यास शोषणाऱ्या पृष्ठभागाची गरज नाही आणि तो वाळल्यावरही लवचीक राहतो. लहान जागी सायनोअ‍ॅक्रिलेट चालेल. मात्र त्यापूर्वी पॉलिप्रोपिलीनसाठी मिळणारा पूर्वलेप देणे आवश्यक आहे. जोडावर भार कोणत्या दिशेने येतो, हेही पाहिले पाहिजे. पाकिटावरचे तिकीट बाजूस सरकविणे कठीण, पण एका कोपऱ्यातून सोलणे सोपे. या दोन ताणांस 'सरकताण' व 'सोलताण' अशी नावे द्यावीत, असे प्रस्तुत लेखकास सुचवावेसे वाटते. पन्हळी प्लास्टिकचा जोड असा आखावा की त्यावर सरकताण यावा, सोलताण येऊ नये.

तिसरा उपाय सांध्याचा, आणि तोच सर्वांत भरवशाचा. पन्हळीत बांबूची कामटी किंवा लाकडी काडी सरकवून तिच्याभोवती इपॉक्सी भरले, तर ते प्लास्टिकला न चिकटताही खाचेत अडकून राहते. हा डिंक नव्हे, ही पाचर आहे. पंख धडास प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळावा. इंजिन किंवा विद्युत्-मोटर कधीही केवळ डिंकाच्या भरवशावर न ठेवता लाकडी फळीवर स्क्रूने बसवावी. मागील फिरती पाती जोडावयास वेगळी बिजागरीच नको. तक्त्याचा एक पापुद्रा कापून दुसरा तसाच ठेवला म्हणजे तोच बिजागरीचे काम करतो, कारण हे द्रव्य पुनःपुन्हा वाकवले तरी सहसा तुटत नाही. जे द्रव्य दुसऱ्यास धरत नाही, ते स्वतःस मात्र घट्ट धरून ठेवते. कुशल कारागीर या गुणाचा उपयोग करून घेतो.

६

वरील विवेचनाचा निष्कर्ष दोन वाक्यांत सांगता येईल. पन्हळी प्लास्टिकसाठी 'कोणते चिकटद्रव्य उत्तम' हा प्रश्न चुकीचा मांडलेला आहे. 'हा पृष्ठभाग काय धरतो, भार कोणत्या दिशेने येतो, आणि जेथे काहीच धरत नाही तेथे सांधा कसा घालावा' हा खरा प्रश्न होय. आणि तो अशा रीतीने मांडण्याची सवय मराठी कारागिरीच्या भाषेत पूर्वीपासून होती.

यावर असा आक्षेप येईल की, जुन्या शब्दांनी नवे रसायनशास्त्र शिकविता येणार नाही. तो अंशतः खरा आहे. पॉलिप्रोपिलीनची पृष्ठऊर्जा 'खळ' या शब्दाने समजत नाही. परंतु 'भिंत रंग धरत नाही' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास पृष्ठऊर्जेची कल्पना समजाविणे, 'फेविकॉल लाव' एवढेच ऐकून वाढलेल्या विद्यार्थ्यास ती समजाविण्यापेक्षा सोपे जाते. पहिल्याच्या भाषेत प्रश्न अगोदरच आहे. दुसऱ्याच्या भाषेत केवळ उत्तर आहे, आणि तेही या ठिकाणी चुकीचे. परिभाषा सिद्ध करणाऱ्या मंडळांनी 'आसंजक' हा शब्द अवश्य ठेवावा. मात्र त्याच्या पोटात पिणे, धरणे, सोलणे, सरकणे, सांधणे ही क्रियापदेही घ्यावीत. ती अडाणी नसून नेमकी आहेत.

संशोधकांपुढे एक काम उभे आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या सुतार, विणकर, पुस्तके बांधणारे, चर्मकार व मूर्तिकार यांच्या बोलीतील जोडकामाचे शब्द, ते कोणत्या द्रव्यास व कोणत्या पृष्ठभागास लावले जातात यासह, पद्धतशीरपणे टिपून ठेवणे अगत्याचे आहे. सरस उकळणारी पिढी झपाट्याने विरळ होत चालली आहे. तिच्याबरोबर एक पदार्थ गेला तर फारशी हानी नाही, कारण त्याहून चांगले पदार्थ आज मिळतात. परंतु पदार्थ हातात घेण्यापूर्वी पृष्ठभागावरून अंगठा फिरवून 'हे काय धरील?' असे विचारण्याची रीत त्याबरोबर गेली, तर ती भरून काढणारे द्रव्य कोणत्याही बाजारात मिळणार नाही.